दादीची संमती

"दादीला काढून टाक," डॉ. शरद फोनच्या स्पीकरवरून म्हणाले.

"दादी राहणार," शेजारी बसलेले झहूर म्हणाले.

अलिनाने दोघांचंही ऐकून घेतलं. 'मला दंतवैद्य का व्हायचंय' हे एका पानात इंग्रजीत लिहून डेंटल कॉलेजला पाचच्या आत पाठवायचं होतं, आणि भांडण पहिल्याच वाक्यावर अडलं होतं. वाक्य असं: 'लहानपणी रत्नागिरीला मी सतत दात उपटत असे, आणि माझा हा कल सर्वांत आधी दादीने ओळखला.' दादी आता नव्हती. बाकी काहीही खोडलं तरी चालेल, हे वाक्य मात्र अलिनाला हवं होतं.

डॉ. शरद यांच्या कुवेतच्या रुमैथिया भागातल्या दवाखान्यात तिने सुट्टीत काम केलं होतं. म्हणून त्यांचा शब्द मोडवत नव्हता. तिचे अब्बा झहूर तिथल्याच मिरकाब भागातल्या टायपिंगच्या दुकानात लोकांचे अर्ज लिहीत. कुणाची तरी परवानगी जोडल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही, हे त्यांचं ठाम मत.

"लहान मुलगी दात उपटते हे वाचून समिती घाबरेल," डॉक्टर म्हणाले. "कुणाचे उपटलेस?"

"आय डोन्ट रिमेंबर, अंकल."

"मग निदान 'दुधाचे' लिही. ते हलतातच."

तिने 'दुधाचे' घातलं.

"तरी लोकांच्या पोरांचे दात ते," झहूर म्हणाले. "'दादीच्या संमतीने' असं लिही."

"झहूरभाई, संमती पेशंटची लागते. दादी काय पेशंट होती?"

"घरात मोठी होती, डॉक्टर. ती हो म्हणाली की सगळे हो."

अलिनाने संमतीही घातली. एवढ्यात हॉस्पिटलच्या लॅबमधून ड्युटी संपवून आमिना घरी आली आणि उभ्या उभ्या तिने ते वाक्य वाचलं.

"काय गो, कुणाचे दात उपटलेस तू?"

"अम्मी, तूच सांगतेस ना. दादी म्हणायची, ही पोर सारखी दात काढते."

आमिना खाली बसली. "अगो, दात काढते म्हणजे हसते."

अलिना झहूरांकडे वळली.

"अब्बा, तुम्हाला माहीत होतं?"

"मी तेव्हा इथे कुवेतला," झहूर म्हणाले. "मला वाटलं, उपटत असशील."

अलिनाने लॅपटॉप बाजूला सारला. "सो दादी नेव्हर सेड इट. आता मी काय लिहू?"

आमिनाने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि एकदम तिलाच हसू फुटलं. "थांब. एकदा दादी दुपारची तोंड उघडं टाकून झोपली होती. तू हात घातलास नि वरची कवळी बाहेर ओढलीस. आख्खी."

"रियली?"

"घेऊन पळालीस पण."

"म्हणजे पेशंट दादीच," डॉ. शरद फोनवरून हळूच म्हणाले. "मग राहू दे तिला."

अलिनाने लॅपटॉप पुन्हा ओढला. 'दुधाचे' खोडलं, 'सतत' खोडलं, आणि कवळीचं सगळं खरं लिहून काढलं. पाठवायला बोट पुढे केलं, तोच आमिनाने तिचा हात धरला.

"ते 'संमतीने' काढ आधी. वाडीभर तुला शोधत ओरडत होती ती. काय ओरडते ते मात्र कुणाला कळत नव्हतं."