दोरीचं घर

आत्माराम धुरींच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी मला चपला बाहेर काढायला लावल्या. त्यात वावगं काही नाही. फक्त घर नव्हतं. मुलुंडला डोंगराच्या बाजूला आमच्या सोसायटीने जमीन घेतली होती, तिथला हा अकरा नंबरचा प्लॉट. दिवाळी नुकतीच झालेली, गवत वाळलेलं, आणि मी अनवाणी. पहिल्या चार पावलांत माझे तळवे कुसळांनी भरले.

इतर सभासदांनी आपापल्या प्लॉटवर चुन्याची फक्की मारून खोल्या आखल्या होत्या. धुरींनी मात्र बांबूच्या खुंट्या रोवून कमरेच्या उंचीवर काथ्याची दोरी बांधली होती. सगळ्या भिंती दोरीच्या. जिथे दार, तिथे दोरी तोडलेली. मी सरळ दोरी उचलून खालून वाकून आत शिरलो, तर धुरी पलीकडून ओरडले, "चिटणीस, भिंतीतना खंय जातास? दार थंय आसा!"

मी चडफडत मागे फिरलो आणि दारातून आत आलो. काय करणार?

चिटणीस म्हणजे मी. मानद. दिवसा एका बँकेत आकडे जुळवायचे आणि उरलेल्या वेळात बावीस सभासदांची भांडणं, असा माझा तेव्हा दिनक्रम होता. कोणत्याही घराचा नकाशा आधी कमिटीकडून मंजूर व्हायचा, आणि कमिटीत कागद वाचणारा मी एकटाच होतो. बाकीचे सह्या करायचे. त्यामुळे माझ्यात थोडी हवा भरली होती हे आज कबूल करतो.

धुरी परळच्या एका मिलमध्ये फिटर होते. बायको आणि दोन मुली यांच्यासह चाळीतल्या एका खोलीत त्यांचा संसार चालला होता. माणूस ठेंगणा, मनगटं मात्र पैलवानाची. खिशात घडीची लाकडी पट्टी कायम. बोलता बोलता पट्टी बाहेर यायची आणि समोरच्या माणसाचं माप घेतलं जायचं. माझा खांद्यापासून बोटापर्यंतचा हात त्यांनी दोनदा मोजला. माझं पाऊल मोजलं. एकदा आमच्याकडे चहाला आले ते उठून थेट स्वयंपाकघरात गेले आणि माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, जरा डोळे मिटून मिठाचा डबा काढून दाखवा बघू."

तिला हसू आवरेना. पण तिने डोळे मिटून हात घातला आणि साखरेचा डबा काढला.

"बघितलात?" धुरी मला म्हणाले. ते स्वतः हसले नव्हते. त्यांनी पट्टी काढली, फळीची उंची मोजली आणि चहा न पिताच निघून गेले.

"हे काय यडं आहे हो?" बायकोने विचारलं. मी म्हटलं, सोसायटीत एक असायचंच.

त्यांनी स्वतःच्या हाताने काढलेला नकाशा कमिटीपुढे आला, आणि सभेत असा हशा पिकला की अध्यक्ष अण्णासाहेबांना टेबल वाजवावं लागलं. घराला उंबरठा नव्हता. एकही नाही. बाहेरच्या दाराला नाही, देवघराला नाही, स्वयंपाकघराला नाही. ओसरीपासून परसापर्यंत जमीन एकसारखी सपाट, कुठे पायरी म्हणून नाही. सगळी दारं एकाच हाताला, एका रांगेत. भिंतीतल्या कपाटांना दारंच नाहीत. स्वयंपाकघराची खिडकी इतकी लहान की मांजर आत आलं तर बाहेर कसं जाईल याची काळजी वाटावी. मोरीला कठडा नाही. आणि सगळ्या भिंतींचे कोपरे गोल केलेले.

अण्णासाहेब म्हणजे निवृत्त हेडमास्तर. त्यांना उंबरठा फार लागला. त्यांनी धुरींना उभं करून विचारलं, "उंबरठाच नाही, तर लक्ष्मी यायची कुठून?"

"दारातून येईल की," धुरी म्हणाले. "ठेच न लागता येईल."

"आणि उद्या सून आली, तर माप कुठे ओलांडणार?"

"माका दोनय चेडवां. माप ओलांडतली ती दुसऱ्याच्या घरात."

"मोरीचं पाणी घरभर येईल, त्याचं काय?"

"उतार दिलाय ना. आधी चलान बगा!"

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. आधी चालून बघा. कपाटांना दारं का नाहीत? चलान बगा. खिडकी लहान का? चलान बगा. खिडकीवर मीच फार धरून बसलो होतो. स्वयंपाकघरात उजेड नको का? तर म्हणाले, "वारो येवक पुरे." मी त्रुटी म्हणून लिहून घेतलं.

एका गोष्टीसाठी मात्र ते गयावया करत. पुढच्या दसऱ्याच्या आत घर उभं राहिलंच पाहिजे, पावसाच्या आधी भिंती वर यायलाच हव्यात. "दसऱ्याच्या पुढे नको हो चिटणीस. पुढे गेला तर काय उपयोग नाय." दर खेपेला हेच. मला वाटलं, थोरल्या मुलीचं, शालूचं, लग्न असेल, किंवा कोणा ज्योतिषाने मुहूर्त काढून दिला असेल. मी विचारलंही. तर म्हणाले, "मुहूर्तच म्हणा."

इतकी घाई आहे तर नकाशा सुधारून द्या, असं मी बजावलं. पौषात नकाशा परत केला. माघात परत केला. फाल्गुनात तिसऱ्यांदा परत केला. प्रत्येक वेळी सोबत माझं पत्र, 'आपल्या नकाशात खालील त्रुटी आढळून आल्या' असं सुरू होणारं. प्रत्येक वेळी तोच नकाशा तसाच्या तसा परत यायचा आणि खाली एकच ओळ असायची: 'कृपया येऊन चालून पाहणे.' शेवटच्या पत्रात मी लिहिलं, 'कमिटीचे कामकाज कागदावर चालते, पायांवर नाही.' हे वाक्य मला इतकं आवडलं की पाकीट बंद करण्याआधी मी ते बायकोला वाचून दाखवलं.

रविवारी धुरी कुटुंब परळहून प्लॉटवर यायचं. मुली खुंट्या सरळ करायच्या, दोऱ्या ताणायच्या. धुरींच्या बायकोला, पार्वतीबाईंना, आमच्या बायकांनी शिष्ट ठरवून टाकलं होतं. समोरून गेलं तरी बाई ओळख देत नसत. मान ताठ आणि नजर सरळ. "मिलवाल्याची बायको, पण तोरा बघा," असं आमच्याकडे बोललं जायचं. मीही ऐकून हसलो असेन.

चैत्रातला एक रविवार होता. दुपारची वेळ. दहा आणि अकरा नंबरच्या हद्दीवरून तक्रार होती म्हणून मी टेप घेऊन प्लॉटवर गेलो. मुली विहिरीकडे गेल्या असाव्यात. दोरीच्या घरात पार्वतीबाई एकट्याच चालत होत्या. डावा हात दोरीवर, ओठ हलत होते. दाराशी आल्या की थांबायच्या, वळायच्या, पुन्हा हात दोरीवर. स्वयंपाकघरात गेल्या, काहीच नव्हतं तिथे हात उंचावून डबा काढल्यासारखं केलं, परत आल्या. धुरी बाहेर उन्हात उभे राहून बघत होते. मी आलेलं त्यांना कळलं नव्हतं.

मागच्या खोलीच्या कोपऱ्यातली खुंटी कलली होती आणि दोरी जमिनीवर पडली होती. बाईंचा हात सुटला. त्या तशाच पुढे गेल्या, भिंतीतून बाहेर गवतात. पाच-सहा पावलांनंतर थांबल्या. दोन्ही हात पुढे केले. या बाजूला वळल्या, त्या बाजूला वळल्या.

"अवो," त्या म्हणाल्या, "खंय आसास?"

धुरी त्यांच्यापासून सहा फुटांवर, समोरच, लख्ख उन्हात उभे होते.

"हयच आसंय गो," ते म्हणाले. "सावकाश. आवाजार ये."

बाई आवाजाच्या रोखाने आल्या आणि त्यांनी धुरींची बाही धरली. मग धुरींनी मला बघितलं. माझ्या हातातला टेप खाली पडला होता, तो त्यांनीच उचलून मला दिला आणि मला बाजूला घेऊन गेले.

तीन वर्षांपूर्वी सुरुवात झाली. आधी दिवेलागणीनंतर दिसेना. मग आजूबाजूचं दिसेना. आता नाकासमोरचं थोडंसं, तेही धुरकट, उन्हात तर तेवढंही नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, यावर औषध नाही, दसरा-दिवाळीपर्यंत राहील तेवढं राहील. चाळीतली खोली बाईंना पाठ होती, म्हणून तिथे कोणाला पत्ता नव्हता. पत्ता लागून चालणार नव्हतं. आईचे डोळे असे गेले असं कळलं, तर त्या दोन मुलींच्या दारात कोण येणार होतं?

"दोरयेर शिकता ती," धुरी म्हणाले. "पावलं मोजता. पण शिकणं वेगळं आणि बघणं वेगळं, चिटणीस. स्वतःचं घर एकदा डोळ्यांनी बघूंदे. मगे जन्मभर हातांनी बघात."

मी टेप गुंडाळू लागलो. ते म्हणाले, "ह्यां कागदार नको."

मिटल्या डोळ्यांनी काढलेला साखरेचा डबा मला तिथे उभ्या उभ्या समजला. खिडकीही समजली. घरी येऊन मी त्या तीन पत्रांच्या नकला काढून वाचल्या. इतकी मुद्देसूद पत्रं मी पुन्हा कधी लिहिली नाहीत, आणि इतकी लाजही मला पुन्हा कधी वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी बँकेतून रजा घेतली आणि कमिटीच्या सात सभासदांच्या घरी गेलो. कारण सांगायची सोय नव्हती. सहा जणांनी माझं तोंड बघून सही केली. अण्णासाहेब ऐकेनात.

"तुम्हीच तर तीनदा परत केलात, आणि आता तुम्हीच?"

"चूक झाली," मी म्हटलं.

"अहो, पण उंबरठा!"

"उंबरठ्यावाचून घर मंजूर होत नसेल तर चिटणीसही दुसरा शोधा," असं म्हणून मी राजीनामा लिहायला कागद मागितला. त्यांनी सही केली, पण मला धुरींनी काही खायला घातलं असावं, अशी त्यांची समजूत शेवटपर्यंत होती.

कमिटीची मंजुरी एका दिवसात झाली. पुढच्या सरकारी शिक्क्याला कोणाचा राजीनामा चालत नाही. तो बसला तेव्हा ज्येष्ठ अर्धा उलटला होता. पाया खणला आणि आठवड्यात त्यात कमरेइतकं पाणी साठलं. पाऊस थांबला तर सिमेंटचं परमिट मिळेना. दसऱ्याला अकरा नंबरवर नुसतं जोतं होतं. त्या दिवशी धुरी बाईंना घेऊन आले होते. दोघं जोत्यावर बसून होती. सोनं द्यायला मी जवळ गेलो नाही, लांबूनच परतलो.

दिवाळीनंतर धुरी मला रस्त्यात भेटले. पाडव्याला ओवाळताना बायकोला तबकातली ज्योत दिसली नाही, असं त्यांनी सांगितलं. कशाबद्दल तरी चौकशी करावी अशा आवाजात सांगितलं, आणि लगेच विचारलं, "चिटणीस, चुना बरा खंय मिळात?"

पौष, माघ, फाल्गुन. माझी तीन पत्रं. ते महिने त्यांना मिळाले असते तर पावसाआधी भिंती उभ्या राहिल्या असत्या, दसऱ्याला छप्पर चढलं असतं. हे त्यांना कळत होतं आणि मलाही. एकदा शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही.

पुढच्या वर्षी घर झालं. धुरी मिलमधून सुटले की थेट इथे यायचे, गवंड्याच्या हाताखाली विटा वाहायचे. वास्तुशांतीला सगळी सोसायटी आली आणि सगळ्यांनी उंबरठ्यावरून टोमणे मारून घेतले. पार्वतीबाई घरभर वावरत होत्या. पाटांची रांग, तुपाचं भांडं, कोणाला काय हवं-नको ते बघणं, सगळं कुठे न चाचपडता चाललं होतं. महिन्याभरात शालूला बघायला माणसं आली, तीही पोहे खाऊन गेली. बाईंनीच बश्या आणून दिल्या. कोणाला काही कळलं नाही. लग्न ठरलं.

ते सांगायला धुरींनी मला बोलावलं. मी गेलो. धुरी पाणी काढायला परसात गेले आणि पार्वतीबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. अगदी बरोबर, हाताच्या अंतरावर.

"भावोजी, हे म्हणतत, तुम्ही होतात म्हणून घर झालां. दारोदार फिरलात."

पत्रांचं त्यांना माहीत नव्हतं. धुरींनी सांगितलंच नव्हतं. खरं ते सांगून टाकावं असं फार वाटलं, आणि धीर झाला नाही.

"एक विचारू?" त्यांनी आवाज खाली आणला. "ह्येंका बोलू नका. हे सुकले काय ओ? हात लागतो तेव्हा मनगट पूर्वीसारखं हातात भरत नाही. विचारलं तर म्हणतत, काय नाय, उगीच तुका वाटता."

मागच्या दारातून धुरी कळशी घेऊन येत होते. सदरा खांद्यावरून लोंबत होता. गालफडं बसली होती, केस पार पांढरे झाले होते. त्या वर्षभरात ते दहा वर्षांनी म्हातारे झाले होते. रोज बघत असून मी ते तोवर नीट बघितलं नव्हतं.

"नाही वहिनी," मी म्हटलं. "आहेत तसेच आहेत. जरासुद्धा फरक नाही."

त्यांनी हसून मान हलवली. धुरींनी कळशी खाली ठेवली. "काय गो, काय विचारतस त्यांका?"

"काय नाय," बाई म्हणाल्या. "घर कसां दिसता, तां विचारतंय."