शिबंदी दोघांची

आमच्या शेजारचं दामूकाकांचं घर आजवर एकाही शत्रूला जिंकता आलेलं नाही. तसा प्रयत्न कोणी केल्याचं मात्र ऐकिवात नाही.

डहाणूहून तलासरीकडे जाताना चिकूच्या वाडीत ते दिसतं. दोन हात जाड भिंती, दाराला लोखंडी खिळे, आणि भिंतीत बंदुकीची नळी बाहेर काढण्यापुरती तिरकी भोकं. काका त्यांना जंग्या म्हणत. घर बांधणाऱ्या पणजोबांकडे बंदूक नव्हती. भोकं होती. दारात काका गंभीरपणे विचारत, "हत्यार?" मी छत्री ठेवून आत जाई. मग ते सांगत, "शिबंदी सज्ज आहे." किल्ल्याची ही सगळी फौज म्हणजे काका आणि त्यांची थोरली, आंधळी बहीण. तिला सगळे बाय म्हणत.

आत भर दुपारीही काळोख. बायचं पाऊल वाजत नसे. भिंतीवर बोटं घासल्याचा आवाज एकेका खोलीतून जवळ येई, आणि अंगावर काटा येईपर्यंत ती शेजारून निघूनही जाई. सबंध घरभर कमरेच्या उंचीवर भिंतीला एक काळपट, गुळगुळीत पट्टा पडला होता.

२०१८ सरता सरता भूकंपाचे धक्के सुरू झाले. आधी जमिनीखालून कोणी जड पेटी ओढत नेल्यासारखी घरघर, मग भांडी वाजत. गाव तंबूत राहायला गेलं. काका भिंतीला कान लावून बसत आणि घरघर आली की उत्तर दिल्यासारखं दोनदा टकटक करत.

"खालून येतोय," ते मला कुजबुजत म्हणाले. "पणजोबांनी ही बाजू धरलीच नव्हती."

एका दुपारी माळ्याची तुळई सरकली. मी म्हटलं, तुम्ही हवं तर लढा, बायला तरी बाहेर काढा. काकांनी माझा हात धरून त्या गुळगुळीत पट्ट्यावर ठेवला.

"बाहेर ती कशाला धरून चालेल?"

दुसऱ्या दिवशी वाडीत तंबू उभा होता. तिथून न्हाणीपर्यंत झाडाझाडाला कमरेच्या उंचीवर दोरी बांधलेली; वळणंसुद्धा घरातल्यासारखी. शेवटचं झाड पणजोबांनी दोन पावलं अलीकडे लावलं होतं, म्हणून तिथे दोरीचं टोक धरून काका स्वतः उभे होते. बाय एकेक पाऊल टाकत येत होती. मध्येच थांबली.

"भाऊ, तुझी भिंत थरथरते रे."

"भूकंप आहे, बाय. तू ये."

त्या दिवशी एकही धक्का बसला नाही.