तात्यांचं लव्हाळ्याचं लॉन

अन्याय झाला तो तात्या सुतारांवर. कधी? यंदा, २००३ च्या मे महिन्यात, अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, भर सकाळी. तात्या बायकोला घेऊन हुपरीला लेकीकडं गेलेत हे बघून आमच्या कॉलनीच्या कमिटीनं त्यांच्या गेटाची कडी काढली आणि सबंध अंगणावर तणनाशक मारलं. गुन्हा काय? तात्यांनी लॉन म्हणून लव्हाळा लावला होता.

होय, तोच लव्हाळा. उसात माजणारा, तिकोनी देठाचा, मातीत काळ्या गाठी धरणारा. अख्खा जिल्हा ज्याच्या नावानं बोटं मोडतो तो. त्यातून तात्या शेतीखात्यातून निवृत्त झालेले. नोकरीभर गावोगाव फिरून त्यांनी एकच भाषण दिलं: लव्हाळ्याचा नायनाट. पेन्शन सुरू झाली आणि ह्या गृहस्थांनी पोतंभर गाठी आणून स्वतःच्याच अंगणात पेरल्या!

कॉलनीची रीत वेगळी. नळाला पाणी दिवसाआड, कळंब्याच्या तळ्यात म्हशीला बसायची पंचाईत, पण चेअरमनसाहेबांच्या बंगळुरी लॉनला दोन वेळची अंघोळ. त्यावर पाय ठेवायला मात्र बंदी. खुद्द साहेब भिंत धरून, कडेकडेनं, चोरासारखे आपल्याच घरात शिरतात.

तात्यांकडं उलटं. गेटात चप्पल काढायला वाकलात की आतून आवाज, "ओ पावणं, चप्पल कशाला काढताय? तुडवा की जरा! पाणी न्हाय, खत न्हाय, माळी न्हाय. मरंल तर शपथ!"

"तात्या, कॉलनीची शोभा जाते ओ," चेअरमन एकदा कुरकुरले.

"शोभा जाऊ दे साहेब. पाणी तरी ऱ्हाईल."

आम्ही पाणी वाचवा मोहिमेची पोरं. आम्हाला हे म्हणजे आयतं उदाहरण. फवारणी झाल्यावर मी निषेधाचं पत्रक लिहिलं, 'पाण्याच्या शिपायावर विषप्रयोग!' असा मथळा दिला आणि तात्यांच्या सहीला गेलो.

अंगण करपून पिवळं पडलेलं. तात्या पायरीवर. पत्रक वाचून त्यांनी परत दिलं. "पाणी-बिणी ऱ्हाऊ दे रं. हिला आता कुठल्या कामाला लावू, तेवढं सांग."

त्यांची बायको, आक्का, खुरपं घेऊन अंगणात उभ्या होत्या. लग्नाआधी त्या माहेरी, कबनूरकडं, लोकांच्या उसात भांगलायला जायच्या. आता त्यांना लेक आठवत नाही, घर आठवत नाही. नवऱ्याला त्या मुकादम समजतात. हातांना मात्र भांगलण तेवढी पाठ आहे. खुरपं दिलं की दिवस मावळेपर्यंत पात धरून, एकेक ओळ घेत, शांतपणे तण काढत बसतात. आणि लव्हाळ्यासारखं न संपणारं तण दुसरं नाही. इकडं उपटावं, तिकडं कोंब हजर. तात्यांनी ते निवडलं होतं कशासाठी, तर आक्कांचं काम कधी संपू नये म्हणून.

"मुकादम," आक्का म्हणाल्या, "रान भांगलून निघालं समदं. मी जाते माझ्या घरला." आणि सरळ गेटाबाहेर चालू लागल्या.

तात्या धावले. हाताला धरून आणलं आणि धापा टाकत म्हणाले, "औषध मारल्यापास्नं ह्येच चाललंय. परवा तर हायवेला गावली, ट्रकम्होरं."

कमिटीनं आता उदार होऊन तिथं फुकट बंगळुरी लॉन लावून द्यायचं कबूल केलंय. सोबत माळीसुद्धा. एक तण ठेवणार नाही म्हणे तो!

तेव्हा वाचकहो, हळहळ नको. तुमच्या उसात लव्हाळा माजलाच असेल. गाठीसकट उपटा, ओल्या पोत्यात बांधा आणि ह्याच आठवड्यात तात्यांच्या दारात आणून टाका. आणि आक्का गेटाबाहेर पडताना दिसल्या तर वाट अडवून खणखणीत आवाजात सांगा, "आक्का, चाललासा कुठं? अजून लई पाती ऱ्हायल्यात."