तिसऱ्या मजल्यावर उखळ चढविल्याची हकीकत

श्रीसिद्धरामेश्वर समर्थ. ऐकणारांनी पाय पसरून, फोन उपडा घालून बसावे, मध्ये खोकू नये.

शिवप्पा घरमालकाने रीत सोडली. जुळे सोलापुरात नवी इमारत उठली, तीत दुसऱ्या मजल्यास आपण राहून तिसरा भाड्याने द्यावयाचा म्हणून त्याने मातुःश्री मल्लव्वांस सहकुटुंब पाचारण केले, चहा पाजिला, टाईल दाखविली, आणि मग सहीचे ऐन समयी करारनाम्यात कलम घुसविले, जे वर उखळ आणू नये, कांडण करू नये, आमचे डोईवर धबधब होईल. जसे काही याची आई जन्मभर मिक्सरच फिरवीत आली!

मातुःश्रींचे मस्तक फिरले. उखळ सासूपासूनचे, त्यात कांडिल्या शेंगाचटणीस तेल सुटते, मिक्सरात नुसता भुगा होतो, आणि त्या चटणीवर मातुःश्रींचा साऱ्या गल्लीत दरारा. इकडे जुने घर पाडावयाचे, शुक्रवारी रिकामे करणे प्राप्त. चिरंजीव सिद्धाराम यांनी मसलत दिली की उखळ अक्कलकोटी मामाकडे ठेवावे. सूनबाई सई म्हणाली, "आत्या, मिक्सर हाय की." मग मातुःश्रींनी उभयतांकडे असे पाहिले की चिरंजीव दाराआड झाले आणि सून नसत्या पिठाच्या भाकरी थापू लागली.

मग मातुःश्री रिक्षाने शिवप्पाचे दारी दाखल झाल्या आणि तह ठरविला, जे एक वेळ कांडून दाखविते. आवाज खाली आला तर घर सोडिले, न आला तर कलम खोडावे. शिवप्पा मिशीत हसला आणि कबूल झाला.

बुधवारी दुपारी मोहीम निघाली. चौघा हमालांनी उखळ लिफ्टीत चढविले. लिफ्टीने वजन पाहून बोंब मारिली आणि दार मिटेना. मग मातुःश्रींनी एकेक हमाल उतरविला, तरी मिटेना. मग आपण उतरल्या आणि दार तात्काळ मिटले. यावरून मातुःश्रींचे वजन कोणी काढू नये असा सक्त हुकूम आहे, सबब येथे लिहिले नाही. उखळ एकटेच थाटात वर गेले आणि फौज जिन्याने धापा टाकीत मागे गेली.

मग मातुःश्रींनी ट्रंक उघडिली. लग्नांत, बारशांत आहेरास आलेल्या सोलापुरी चादरी, पुढच्या कुणाच्या आहेरास द्यावयाच्या म्हणून घडी न मोडिता जपलेल्या, त्या एकवीस काढून एकीवर एक रचिल्या, वर उखळ बसविले आणि पदर खोचून मुसळ हाती घेतले.

खाली शिवप्पा पलंगावर उभा राहून, कान छताकडे लावून सज्ज. पाव तास गेला, अर्धा गेला, मान अवघडली. मग त्याने जिन्यात येऊन हाक दिली, "अवो, सुरू करा की! किती येळ?"

तो सई ताट घेऊन उतरली. कडक भाकरी, दही आणि तेलाने चमकणारी लालभडक चटणी.

"हे कुटलं?"

"वरचंच की काका. कांडून झालं बी."

शिवप्पाची बायको काशम्मा हे ऐकून पदर तोंडाशी धरून इतकी हसली की तिला पाणी द्यावे लागले. शिवप्पा खाली बसला, भाकरी मोडिली, चटणी चाखिली, नाकातून पाणी आले, आणखी मागितली आणि मग डाव्या हाताने कलम खोडून किल्ली पुढे केली.

येणेप्रमाणे तिसरा मजला उखळासुद्धा फत्ते झाला. आपले शिपाई जायबंदी नाहीत, शत्रूची फक्त मान धरली. मग मातुःश्रींनी किल्ली कनवटीस लाविली आणि साऱ्या जिन्यास ऐकू जाईल अशा बोलल्या,

"शिवप्पा, घर तुमचं झकास हाय, बायको बी गुणाची हाय. पर वाजायच्या आधीच कानात बोटं घालणारा गडी म्या जल्मात पयल्यांदा बघितला!"