पानांवरची भुकटी आणि तोंडातला बोळा

“नजर सगळ्यांनाच असते, दृष्टी मात्र लाखात एकाला. बाकीचे लोक कोण, ते मला ठाऊक नाही. तो एक मी.” स्वतःची ओळख दादा अशी करून देतात. दादा म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. निवृत्त होईपर्यंत त्यांनी घरोघरी जाऊन पाण्याचे मीटर वाचले. आता ते माणसं वाचतात. मी त्यांचा सहायक. या पदाला लागणारी पात्रता मी लग्नाच्या दिवशीच मिळवली.

परवाची केस दातांच्या दवाखान्यातली. तिथल्या बसायच्या खोलीत डॉक्टरीणबाईंनी बेगोनियाच्या कुंड्या ठेवल्या आहेत. कोपऱ्यात, एकीला एक खेटून, ग्रुप फोटोला उभ्या केल्यासारख्या. धूळ येते म्हणून खिडकी कायमची बंद. त्यातल्या दोन झाडांच्या पानांवर पांढरी भुकटी दिसू लागली. पुसली की चार दिवसांत पुन्हा हजर. बाईंचा संशय रिसेप्शनिस्टवर होता. रजा नाकारल्याचा राग धरून ही मुलगी दातांच्या साच्याचं प्लास्टर पानांवर भुरभुरते, असं त्यांचं म्हणणं. आरोप सिद्ध झाला की तिची नोकरी जाणार होती, आणि दादांना बोलावलं होतं ते सिद्ध करायला. शोधायला नव्हे. हा फरक दादांच्या लक्षात आला नाही. त्यांची दृष्टी सूक्ष्म आहे, पण सोयीने.

बोटांचे ठसे शोधण्यासाठी दादांनी खिशातून दाढीचा ब्रश काढला. आधी भुकटीच्या पानांवरून, मग धडधाकट पानांवरून, असा कोपऱ्यातल्या एकूण एक पानावरून तो मायेने फिरवला. मग एक कण जिभेवर ठेवून डोळे मिटले.

“चव नाही,” ते म्हणाले. “म्हणजे माल अस्सल आहे.”

तस्कर माल कुंडीत लपवतात, पानावर वाळत घालत नाहीत, असं मी सुचवलं. त्यावर, पुढच्या केसला मला नेणार नाही, अशी धमकी त्यांनी दिली. मला आशा वाटली.

शेवटी ब्रश रिसेप्शनिस्टच्या टेबलावरच्या कुंडीकडे वळला. तिने कुंडी पोटाशी धरली. “काका, हिला हात लावायचा नाही. आधीच सगळं बिल माझ्यावर फाटतंय.”

दोन आठवड्यांनी पुन्हा गेलो, तर कोपऱ्यात कुणी पिठाचं पोतं झटकल्यासारखं दिसत होतं. झाडून सगळी झाडं पांढरी. टेबलावरचं तेवढं हिरवंगार. दादांचे डोळे चमकले. ते चमकले की कुणाचं तरी वाईट होतं.

खोलीत एकच पेशंट होता, गाल सुजलेला, तोंडात कापसाचा बोळा. दाढ नुकतीच काढलेली आणि अर्धा तास तोंड उघडायचं नाही, अशी बाईंची ताकीद. पेशंट व्यवसायाने वकील. दाढेपेक्षा ही शिक्षा मोठी. तो एकदा झाडांकडे, एकदा बंद खिडकीकडे बोट दाखवून हुंकार देत होता. हा तिचा साथीदार आहे आणि खिडकीतून पळायच्या बेतात आहे, असं दादांनी माझ्या कानात सांगितलं.

मग त्यांनी बाईंना बाहेर बोलावलं. “गुन्हेगार स्वतःच्या घराला आग लावत नाही. सगळी झाडं पांढरी, हिचं एकटीचं हिरवं. का?”

रिसेप्शनिस्टचा चेहरा पडला. बाईंनी तिच्याकडे न बघता सांगितलं, “उद्यापासून येऊ नकोस.”

वकिलांनी घड्याळाकडे पाहिलं आणि बोळा काढला.

“टेबलावरच्या कुंडीला तुम्ही ब्रश लावला होता?”

“लावू दिला नाही हिने,” दादा म्हणाले.

“आणि बाकीच्या झाडांना?”

“पान न् पान.” दादांची छाती फुगली.

“मला आणखी काही विचारायचं नाही.”

विचारायचं नव्हतं, सांगायचं मात्र पुष्कळ होतं. ही भुरी. बुरशीचाच एक रोग. वारा नाही, उजेड कमी आणि कुंड्यांची दाटी, की घरातल्या झाडांना हमखास धरतो; वकिलांच्या स्वतःच्या गुलाबांना धरला होता. इथे सुरुवात बंद खिडकीने केली आणि घरपोच सेवा दादांनी दिली. आता खराब पानं कापून पिशवीत बांधून टाकायची, कुंड्या लांब लांब ठेवायच्या, खिडकी उघडायची.

“खिडकी उघडू का, हे मी रोज विचारत होते,” रिसेप्शनिस्ट म्हणाली.

गुन्हेगार याच खोलीत आहे हे आपण पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, असं दादा म्हणाले. हे मात्र कुणालाच खोडता आलं नाही.

चूक झाली हे दोन शब्द बाईंच्या ओठांपर्यंत आले असावेत, पण तिथून ते काढायला चिमटा लागला असता. मग म्हणाल्या, “बरं, झालं गेलं. उद्या वेळेवर ये. आणि आता ही पानं काप.” कात्री त्यांनी पुढे केली.

तिने ती घेतली नाही. “नको मॅडम, तुम्हीच कापा. मी हात लावला तर परत चौकशी बसवावी लागेल.”

ती उठली आणि तिने खिडकी सताड उघडली. अक्कलदाढ उपटताना पापणी न हलवणाऱ्या बाई पहिल्या पानाशी कात्री नेऊन थांबल्या.

“थोडंसं दुखेल,” रिसेप्शनिस्ट म्हणाली.