बिनपाटीचे अन्नकेंद्र

भूक ही माणसाची अत्यंत खाजगी बाब आहे, याबद्दल सर्व सुसंस्कृत समाजांचे एकमत आहे. (उपाशी लोकांचे मत मागवलेले नाही; रिकाम्या पोटी माणूस अविचाराने बोलतो.) जेवलेला माणूस चारचौघांत खुशाल ढेकर देतो. न जेवलेल्याला अशी काही सोय नाही. त्याने मान खाली घालून रांगेत उभे राहायचे आणि ओळखीचे कोणी दिसले की बुटाची नाडी बांधायला वाकायचे. हा अन्याय दूर करण्यासाठी आमच्या शहरात तातडीचे अन्नसाह्य केंद्र स्थापन झाले. मी त्याचा मानद अप्रसिद्धी-प्रमुख आहे.

हे पद इतर संस्थांत आढळणार नाही. तिथे प्रसिद्धी-प्रमुख असतो. तो मदत घेणाऱ्याचा फोटो छापून आणतो आणि बिचाऱ्याच्या सोयऱ्याधायऱ्यांना कळते की याच्या घरी डबे रिकामे आहेत. आम्ही पहिल्याच बैठकीत ठरवले की गरजूच्या प्रतिष्ठेला केसाएवढाही धक्का लागता कामा नये. पाटी लावली तर आत शिरणारा प्रत्येक जण उपाशी ठरतो, म्हणून पाटी नाही. पत्ता छापला तर तो वाचणारा उपाशी ठरतो, म्हणून पत्ता छापायचा नाही. कोणी तोंडी विचारले तर सांगावा का, यावर मात्र बरीच वादावादी झाली. शेवटी आमच्या अध्यक्षीणबाई (निवृत्त मुख्याध्यापिका, आवाज अजून सेवेत) म्हणाल्या, "विचारणाऱ्याला पत्ता सांगितलात, म्हणजे तुम्ही त्याच्या तोंडावर म्हणालात की बाबा रे, तू उपाशी दिसतोस. हे आपल्याला शोभतं का?" कोणालाच शोभले नाही. ताकाला जाऊन भांडे लपवण्याची वेळ कोणावर येऊ नये, म्हणून आम्ही ताकच लपवले.

केंद्र एका बंद पडलेल्या नृत्यवर्गाच्या जागेत आहे. तीन भिंतींना आरसे आहेत, गल्लीकडच्या खिडक्यांना जाड निळे पडदे. स्वयंपाकाचा वास ही पत्त्याची चहाडीच असते, हे ध्यानात आल्यावर धूर बाहेर फेकणाऱ्या पंख्याचे तोंड आम्ही आत वळवून घेतले. त्यामुळे आमच्या चौदा स्वयंसेवकांच्या डोळ्यांना सदैव पाणी असते आणि देणगीदार भेटीला आले की त्यांना वाटते, किती हळवी मंडळी आहेत ही! स्वयंसेवकांना पांढरेशुभ्र एप्रन आहेत. त्यांवर संस्थेचे नाव अर्थातच नाही.

प्रवेश फक्त शिफारशीने. जो इथे आधी जेवला आहे, त्याने नव्या माणसाला गुपचूप घेऊन यावे. मग पहिला माणूस कुठून आणायचा, ही अडचण होती, पण ती देवानेच सोडवली. नळ गळत होता, प्लंबरला निरोप गेला होता, आणि मागच्या दाराशी सावलीला टेकलेल्या एका म्हाताऱ्या घड्याळजींनाच आम्ही प्लंबर समजून आत घेतले. त्यांनी आधी नळ बघितला, मग पातेले बघितले, आणि बसले. आज ते आमचे संस्थापक-लाभार्थी आहेत आणि अंगानेही भरले आहेत. तुमच्या ओळखीतली चार उपाशी माणसे आणा, अशी विनंती आम्ही त्यांना वरचेवर करतो. "छे, छे!" ते म्हणतात. "मी इथे जेवतो हे त्यांना कळेल ना!" प्रतिष्ठेची एवढी जाण एका तरी माणसात रुजवता आली, याचे आम्हाला समाधान आहे.

आकडेवारी तर बोलूनचालून बोलकी आहे. स्थापनेपासून रांग शून्य. धक्काबुक्की शून्य. अपमान झाल्याची तक्रार शून्य. (घड्याळजींनी एकदा मीठ कमी असल्याचे सांगितले, पण तो विषय वेगळ्या उपसमितीकडे जातो.) दुसऱ्या शहरातले एक अभ्यासमंडळ आमचे काम पाहायला आले, दोन दिवस केंद्र शोधत हिंडले आणि न सापडल्यामुळे परत गेले. त्यांच्या अहवालात आमच्या गुप्ततेची मुक्तकंठाने स्तुती आहे. उरलेले अन्न वाया जाऊ नये म्हणून ते समितीच्या सभासदांनी घरी न्यावे, असा ठराव आहे. अंगावर पडलेली जबाबदारी टाळता येत नाही. आमच्या घरी हल्ली दुपारचा गॅस पेटत नाही.

अशा या निर्दोष व्यवस्थेला एकदाच धोका निर्माण झाला, आणि तो एप्रनच्या बाजूने आला.

केंद्राच्या मागच्या गल्लीत एक इस्त्रीवाली टेबल मांडून उभी असे. आमचे एप्रन तिच्याकडे जात. ते कशाचे, हे तिला सांगितलेले नव्हते. तिची समजूत होती की आम्ही दवाखानेवाले. नवरा रंगारी, परांचीवरून पडून मांडीचे हाड मोडलेला. घरात सासू आणि दोन लहान मुली. सुट्ट्या लागून गल्लीतली निम्मी घरे परगावी गेलेली, त्यामुळे कपडेही येईनासे झालेले. हे सगळे मला ठाऊक होते, कारण इस्त्री फिरवता फिरवता ती बोलत असे. मी ऐकत असे, पण ऐकल्यासारखे दाखवत नसे. ती आमच्या कामाची शिस्त आहे.

एका दुपारी केंद्रातून निघालो आणि एप्रन घ्यायला गेलो, तर टेबल उभे करून ठेवलेले. शेजारी किल्ल्या बनवणारा बसतो, तो म्हणाला, "वहिनी सकाळपासनं गेल्यात. गावात कुठंतरी अडीनडीला जेवण देतात म्हणे, ते शोधायला."

माझी छाती अभिमानाने फुगली. पत्त्याशिवाय नुसता लौकिक पसरणे, यापरते अप्रसिद्धी-प्रमुखाला आणखी काय हवे? मी तिथेच स्टुलावर बसून तिची वाट पाहिली.

थोड्या वेळाने ती आली. सगळे शहर पालथे घालून आली होती. औषधाच्या दुकानात खाण्याबद्दल विचारले, तर त्यांनी भूक वाढवण्याचे टॉनिक पुढे केले. चौकीत विचारले, तर हवालदार म्हणाला, आधी चोरी काय झाली ते सांगा. वाचनालयातल्या बाईंनी फार आपुलकीने तिला पाककृतींच्या कपाटापाशी नेऊन सोडले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. आमच्याकडून एवढेच, की कळसा आम्ही नीट झाकून ठेवला होता.

"माफ करा साहेब, तुमची खोटी झाली," ती म्हणाली. "आत्ता देते करून."

तिने टेबल आडवे केले, इस्त्री तापवली, एप्रन पसरला. मग खालमानेने म्हणाली, "साहेब, तुमची उठबस मोठ्या लोकांत. ते जेवण कुठं देतात, ठाऊक आहे का हो तुम्हाला? मला नको. पोरी दोन दिवस नुसत्या चहावर आहेत. धाकटी काल रडत होती. आज ती मागतही नाही, साहेब. नुसती पडून आहे. मला ते बघवत नाही."

खोटे कशाला बोलू, पत्ता अगदी जिभेवर आला होता. हाकेच्या अंतरावर निळे पडदे होते, आत पातेले होते आणि चौदा माणसे डोळे पुसत कोणाची तरी वाट पाहत होती. पण मी सांगितले असते तर? उद्या एप्रन देताना तिची मान खाली गेली असती. जिच्या हातून आजवर कोणाचे एक बटण हरवले नाही, तिला मी उपाशी म्हणायचे? एवढा कोडगेपणा माझ्याच्याने झाला नाही.

"छे हो ताई," मी म्हणालो, "तुम्हाला कशाला लागतंय तसलं काही? तुम्ही चांगल्या घरच्या!"

ती हसली. निदान हसल्यासारखे केले. मग टेबलाची कड धरून एकदम वाकली, डोळे मिटले, आणि करपल्याचा वास आला. एप्रनच्या छातीवर इस्त्रीची तांबूस खूण उठली होती. भोवळ गेल्यावर तिने आधी तोच उचलून उजेडात धरला.

"भरून देईन साहेब," ती म्हणाली. मग तिचे लक्ष माझ्या हातातल्या पिशवीकडे गेले. "तुम्ही निघा आता. तुमचा डबा गार होईल."

मी निघालो. डबा गरम होता. त्या दुपारी मला घास गेला नाही, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. (रात्री गेला.)

पुढच्या बैठकीत जळक्या एप्रनचा विषय निघाला. ज्या बाईच्या हातात रोज आपले एप्रन असतात, तीच शहरभर आपला पत्ता विचारत फिरते, ही गोष्ट अध्यक्षीणबाईंना फारच गंभीर वाटली. "उद्या तिने दोन्ही गोष्टी जुळवल्या तर? आपण इतके दिवस कोणाचे कपडे इस्त्री करत होतो हे कळल्यावर त्या माउलीच्या मनाला काय वाटेल?" हा विचार कोणालाच सहन झाला नाही. तिच्या भावना दुखावू नयेत म्हणून तिचे काम काढून दुसऱ्या लॉंड्रीला देण्यात आले. ठराव एकमताने झाला. मग डबे भरले.

त्यानंतर मागच्या गल्लीत ते टेबल दिसले नाही. कोणी म्हणते ती मुलींना घेऊन माहेरी गेली. किल्लीवाला म्हणतो, धाकटीला दवाखान्यात नेले होते. पुढचे तो सांगत नाही, माझ्याकडे बघतही नाही. मी खोदून विचारले नाही. वार्षिक अहवालात एवढीच नोंद आहे: "एका गरजू महिलेची प्रतिष्ठा अखेरपर्यंत अबाधित राखण्यात आली."

आपल्याला माझा राग आला असेल. यायलाच हवा, त्यावरून माणसाचे संस्कार कळतात. पण आपण इथवर आलात, मधूनमधून हसलातही, आणि केंद्र कुठल्या रस्त्यावर आहे, हे एकदाही आपल्या मनात आले नाही. तुमचे कपडे कोणीतरी इस्त्री करतच असेल. तिच्या घरी आज काय शिजले, हेही तुम्ही कधी विचारले नसणार. हे असे संयमी मन हल्ली दुर्मिळ झाले आहे. समितीत सध्या एक जागा रिकामी आहे. बैठक शनिवारी दुपारी असते. जरूर या. पत्ता तुम्हाला सांगायला काहीच हरकत नाही. तुम्ही जेवून येणार.