भिंतीवरचा हमदान

नाईलच्या काठानं इस्नापासून लक्सरपर्यंत हाजींच्या भिंती रंगवणारे पुष्कळ रंगारी असतील, पण भिंतीवर गल्ली रंगवावी ती या बखीतनंच! बाकीचे काय करतात? एक काबा, एक विमान, खाली हाजीचं नाव, की चालले हात धुवायला. मी त्या काब्याशेजारी आमची अख्खी गल्ली उभी करतो. उन्हात फुगायला ठेवलेल्या भाकऱ्या, शिंप्याची कात्री, पाण्याच्या रांजणावर चढलेलं मांजर. हाजी परत आला की आधी भिंत बघतो आणि मग घरात शिरतो. आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी काही काढत नाही, हे मी चहाच्या दुकानात रोज एकदा तरी सांगत असे. आता सांगत नाही.

त्या वर्षी दंदरावी हजला निघाला. आमच्याकडे निघण्याआधी दारोदार जाऊन माफी मागायची असते. मनात किल्मिष ठेवून मक्केला जाऊन उपयोग काय? तो माझ्याकडेही आला. माझ्या विमानाला एकदा मासा म्हणाला होता, त्याची माफी मागितली. त्या विमानाला मासा म्हणणारे गल्लीत आणखी बरेच आहेत, पण माफी मागितली ती त्या एकट्यानं. मी ओट्यावर बसून त्याला एकेक दार घेताना बघत राहिलो. बारावं दार झालं, आणि तेवढ्यात आतून मसूर करपल्याचा वास आला. मी धावत आत गेलो.

तेरावं, शेवटचं दार हमदानचं. हमदान हा दंदरावीचा सख्खा धाकटा भाऊ. बापानं बांधलेली भाकरीची भट्टी कुणाची, यावरून दोघांनी अंगणात मधोमध भिंत घातली होती. ती भट्टीवरूनच गेली, त्यामुळे भट्टी कुणाचीच राहिली नाही. अकरा वर्षं दोघांनी एकमेकांचं तोंड बघितलं नव्हतं.

दंदरावी गेला, त्याची बायको रातिबा लेकीकडे केनाला गेली आणि मी त्यांच्या घराच्या दर्शनी भिंतीला चुना फासला. चित्र डोक्यात तयार होतं : हाजी निघालाय, गल्ली निरोप देतेय. शेवटच्या दाराशी हात जरा अडखळला, खोटं कशाला बोलू! पण बारा दारं फिरलेला माणूस तेरावं कशाला सोडेल? मी हमदानचं दार सताड उघडं काढलं आणि त्यात हमदान, दोन्ही हात पसरलेला.

तिसऱ्या दिवशी खुद्द हमदान समोर येऊन उभा राहिला. माणूस लोहार, अंगानं दारात न मावणारा. तो भिंतीवरच्या हमदानकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हे दंदरावीनं काढायला सांगितलं?"

इथे मी तोंड मिटून घ्यायला हवं होतं. पण त्याचा आवाज कापत होता, आणि माझं चित्र बघून कुणाचा तरी आवाज कापावा, ही माझी तीस वर्षांची इच्छा. म्हणालो, "नाहीतर काय! रेघ न् रेघ त्याच्या मनातली."

हमदान घरी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी धाडधाड आवाज आले. अंगणातली भिंत तो एकटा पाडत होता! संध्याकाळपर्यंत भट्टी लिंपून झाली. मग त्यानं भावाच्या स्वागतासाठी मेंढा आणून बांधला, ढोलवाले ठरवले. मशिदीतले इमाम म्हणाले, "अकरा वर्षं सांगून जे मला जमलं नाही ते बखीतच्या कुंचल्यानं केलं." मी ते नम्रपणे मान्य केलं.

मग रातिबा परत आली. हातातली पिशवी खाली न ठेवताच तिनं चित्र बघितलं आणि मला आत बोलावलं.

"उस्ताद, हमदान तिथे काय करतोय?"

"निरोप देतोय, वहिनी."

"कुणाला? हे त्याच्या दारी गेलेच नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, सगळी दारं झाली, ते एक सोडून. वर म्हणाले, त्याचं नाव काढू नकोस."

आता दंदरावी परत येणार, ढोल वाजणार, आणि सगळ्या गल्लीसमोर तो विचारणार की याला इथे कुणी उभं केलं. हमदानचं काय होईल ते मला बघवणार नव्हतं. माझं काय होईल, तेही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच निळा रंग घेऊन गेलो. हमदानचा सरळ रांजण करून टाकायचा. पोट तसंही त्याच मापाचं होतं. तर हमदान तिथेच बसलेला, हातात चहाचा पेला! हल्ली रोज सकाळी बसायचा म्हणे. "बरा आलास," म्हणाला, "मिशी कमी पडलीये. जरा वाढव." वाढवली. रंग निळाच होता, तरी वाढवली.

चार दिवसांनी फोन आला. दंदरावी मक्केजवळच्या अराफातच्या मैदानात उन्हानं गेला. तिथेच पुरलं. तिथे मरण येणं म्हणजे भाग्य, असं सगळे म्हणाले. आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं? सुटलो! आता विचारणारा उरला नाही. सांगायला लाज वाटते, पण आधी ते आलं. दुःख त्याच्या मागून आलं आणि अजून गेलेलं नाही.

दुखवट्याच्या खुर्च्या गल्लीत मांडल्या, नेमक्या त्या भिंतीसमोर. कुराणपठण मधे थांबलं होतं, कडू कॉफी फिरत होती. हमदान पहिल्या खुर्चीत, स्वतःच्या निळ्या मिशीसमोर. त्यानं मला शेजारी बसवलं.

"बखीत, तो नेमकं काय म्हणाला ते सांग. त्याच्याच शब्दांत."

तीसेक माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी दाराआडच्या रातिबाकडे बघितलं. तिनं नजर खाली घातली. म्हणजे काय ते माझं मीच निस्तरायचं होतं.

"म्हणाला, हमदानला दारात काढ. हात पसरून."

हमदाननं मान हलवली.

"तसंच म्हणाला असेल. तो आला होता रे. तीनदा दार वाजवलं. 'हमदान, मी निघालो' म्हणाला. मी आतून कडी घातली, आणि तो जाईपर्यंत दाराला पाठ लावून उभा राहिलो."

रातिबा दाराआडच मटकन खाली बसली. भावानं दार उघडलं नाही, हे बायकोला सांगायची दंदरावीला लाज वाटली असणार. गेलोच नाही, असं सांगणं त्याला सोपं गेलं. आणि मी इतके दिवस समजत होतो की दंदरावीला समेट हवा होता असं भासवून हमदानला मी फसवतोय!

"मी तिथे तसा नव्हतो, बखीत," हमदान म्हणाला. "दुखवट्याचे चाळीस दिवस झाले की ये. ते दार बंद काढ."

"काढतो," म्हणालो.

आता तीन वर्षं होत आली. हमदान भेटला की विचारतो, दार कधी बंद करतोस? मी म्हणतो, तपकिरी रंग मिळत नाहीये. त्याच्या लोहारखान्यासमोरच रंगाचं दुकान आहे, आणि तपकिरी रंगाचे डबे तिथे दारातच रचलेले असतात. तो त्या डब्यांकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो आणि म्हणतो, "बरं, मिळाला की सांग."